जाळ्याला निबंधक हवा का?

1.2.840.113549 हा आकडा कुणाला पाठ असण्याचं कारण नाही. तरीही इंटरनेटवरच्या असंख्य सुरक्षा-प्रमाणपत्रांच्या पोटात तो आजही बसलेला आहे. पहिला 1 म्हणजे आयएसओ ही जागतिक मानक संस्था, 2 म्हणजे तिच्या सदस्य-संस्था, 840 म्हणजे अमेरिका आणि शेवटचा भाग आरएसए डेटा सिक्युरिटी या कंपनीचा. ही कंपनी 1996 मध्ये विकली गेली, 2006 मध्ये ईएमसीच्या ताब्यात आली, मग डेलकडे, तिथून आणखी दुसऱ्यांकडे. आकडा मात्र जागचा हलला नाही. आपल्याकडेही ई-टेंडर किंवा जीएसटीच्या कामासाठी घेतलेली डिजिटल सही उघडून पाहिली, तर आत 2.16.356.100 असा क्रमांक सापडतो. 356 हा भारताचा सांकेतिक क्रमांक, आणि 100 ही प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकांची फांदी.

हे आकडे एका मोठ्या बेताचे अवशेष आहेत. जगातल्या प्रत्येक संस्थेचं नाव संगणकांच्या जाळ्यासाठी अधिकृतपणे नोंदवायचं, त्याला एक ठरलेली जागा द्यायची, आणि मग त्या नावाखाली तिचे विभाग, माणसं, यंत्रं लावायची, असा तो बेत होता. त्यातले आकडे टिकले, नावं बुडाली. जाळ्यावर वावरणाऱ्या संस्थांच्या नावांची सरकारी किंवा निमसरकारी नोंदणी हवी का, हा प्रश्न आज फसवणुकीच्या निमित्ताने पुन्हा पुढे आला आहे. त्यामुळे ती नावं का बुडाली हे आधी पाहणं बरं.

बेताचं नाव होतं एक्स.500. आंतरराष्ट्रीय दूरसंचार समितीने आणि आयएसओने मिळून 1988 साली हे मानक आणलं. रचना झाडासारखी होती: वर देश, त्याखाली संस्था, संस्थेखाली विभाग, विभागाखाली व्यक्ती. ज्यांनी ती आखली त्यांच्या डोळ्यांसमोर टेलिफोन डिरेक्टरी होती. त्या काळात बहुतेक देशांत टपाल आणि टेलिफोन एकाच सरकारी खात्याकडे असे, त्यामुळे 'देशाखाली संस्थांची नावं कोण देणार' हा प्रश्न त्यांना फारसा अवघड वाटला नाही. खातं देईल! अमेरिकेत मात्र असं खातंच नव्हतं. तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे ॲन्सीने, शुल्क घेऊन नावं आणि क्रमांक नोंदवायला सुरुवात केली. लगेच शंका निघाली: कंपनी कायद्याने आधीच नोंदलेली, व्यापारचिन्ह आधीच नोंदलेलं, मग जाळ्यासाठी आणखी एका खिडकीवर रांग कशाला?

ही शंका सर्वांत नीट मांडली ती नॉर्थ अमेरिकन डिरेक्टरी फोरम या गटाने. टेलिफोन आणि डिरेक्टरी-सेवा देणाऱ्या कंपन्यांचा हा गट, आणि त्याचं टिपण 1991 मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांच्या आरएफसी या मालिकेत, आरएफसी 1255 म्हणून निघालं. आज ते फारसं कुणी वाचत नाही, पण या विषयावर त्याच्याइतकं सरळ लिहिलेलं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. त्याचा मुद्दा असा: नावं देण्याची व्यवस्था समाजात आधीपासून आहे. राज्य सरकार कंपन्या नोंदवतं, शहर आणि काउंटी यांची नावं कायद्याने ठरलेली आहेत. नाव वापरण्याचा हक्क तिथे मिळतो. डिरेक्टरीने हक्क द्यायचा नाही, फक्त नोंद दाखवायची. राज्याच्या दप्तरी नोंदलेली कंपनी त्या राज्याच्या फांदीखाली दाखवा, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या त्याच नावाच्या कंपनीशी तिची टक्कर होणार नाही आणि नवा निबंधकही नेमावा लागणार नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चटकन पटेल, कारण आपल्याकडे 'अधिकृत नाव' नावाची एकच वही मुळात नाहीच. कंपनीचं नाव केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे, सोसायटीचं 1860 च्या कायद्याखाली, न्यासाचं धर्मादाय आयुक्तांकडे, सहकारी संस्थेचं सहकार खात्याच्या निबंधकाकडे, भागीदारीचं आणखी वेगळ्या दप्तरी. या वह्या एकमेकींकडे पाहत नाहीत. सहकारी बँकांचंच घ्या. पुण्याची जनता सहकारी, ठाण्याची जनता सहकारी, कल्याणची जनता सहकारी. तिन्ही खऱ्या, तिन्ही कायदेशीर, आणि नावातला मधला भाग एकच. सीमेपलीकडे बांगलादेशात सरकारी मालकीची जनता बँक आहे ती निराळीच. गाव जोडलं की गोंधळ संपतो, आणि टिपणाला नेमकं हेच म्हणायचं होतं. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी लावणाऱ्या पुणेरी दुकानदाराने हाच प्रश्न कुठल्याही मानक संस्थेची वाट न पाहता आपल्या परीने सोडवला होता.

पण एक्स.500 च्या झाडाखाली ही चर्चा रंगली असताना जग दुसऱ्या झाडाकडे वळलं होतं. अमेरिकेतल्या अर्पानेटवर सुरुवातीला सगळ्या संगणकांची नावं एका फाइलमध्ये असत आणि ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळत असे. कुणाला नाव हवं असेल तर तिथे कळवायचं. जाळं वाढलं तशी फाइल पुरेना. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस आखली, 1984 मध्ये कॉम, एज्यु, गव्ह हे वरचे गट ठरले आणि 15 मार्च 1985 रोजी सिंबॉलिक्स डॉट कॉम हे पहिलं कॉम नाव नोंदलं गेलं. ही नोंदणीच होती, पण तिचा जीव अगदी लहान होता. जॉन पोस्टेल यांनी 1994 च्या आरएफसी 1591 मध्ये तो स्पष्ट केला: डोमेन नोंदवल्याने व्यापारचिन्हाचा हक्क मिळत नाही, आणि दोघांत वाद झाला तर नोंदणी करणाऱ्याचं काम फक्त दोघांचा संपर्क कळवण्यापुरतं. आधी येईल त्याला आधी मिळेल. एकाच नावाचे दोन मालक नसावेत एवढीच काळजी.

ही अलिप्तता फार दिवस परवडली नाही. 1994 मध्येच जॉशुआ क्विटनर या पत्रकाराने मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम स्वतःच्या नावावर करून घेतलं आणि 'वायर्ड' मासिकात त्यावर लेख लिहिला. बर्गर कंपनीला आधी विचारूनही पाहिलं, पण तिथे कुणाला त्यात रस नव्हता. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका शाळेच्या संगणकांसाठी कंपनीने 3,500 डॉलर दिले आणि नाव परत घेतलं. गंमत म्हणून हे ठीक. निसान डॉट कॉमचा मामला मात्र गमतीचा नाही. उझी निसान या गृहस्थांचं आडनावच निसान, नॉर्थ कॅरोलिनात त्यांचा संगणकाचा धंदा, आणि त्यांनी 1994 मध्ये हे नाव रीतसर घेतलेलं. 1999 मध्ये जपानी मोटार कंपनीने त्यांच्यावर दावा ठोकला. खटला वर्षानुवर्षं चालला, नाव त्यांच्याकडेच राहिलं, पण त्या लढाईने त्यांना पार पिळून काढलं. इथे कोणती अधिकृत नोंदणी कामी आली असती? दोघांकडेही नावाचा खरा हक्क होता. निबंधकाने एकाला 'तू खरा' म्हटलं असतं, तर दुसऱ्यावर अन्यायच झाला असता.

भारतात हा प्रश्न कोर्टांनी हाताळला, आणि त्यातलं सुरुवातीचं एक महत्त्वाचं पाऊल मुंबईत पडलं. 1999 मध्ये रेडिफने 'रॅडिफ' असं जवळजवळ तेच नाव घेणाऱ्या सायबरबूथविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने डोमेन नाव म्हणजे नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारनामासारखं संरक्षण मिळू शकतं, हे मान्य केलं. 2004 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात तेच तत्त्व देशभरासाठी पक्कं केलं. जागतिक पातळीवर 1999 मध्ये आयकॅनने, म्हणजे नावांचं नियंत्रण करण्यासाठी आदल्या वर्षी स्थापन झालेल्या संस्थेने, लवादाचं धोरण आणलं. भारताच्या डॉट इनसाठी 2005 पासून तसंच स्वतंत्र धोरण आहे. थोडक्यात, जगाने आधी तपासण्याऐवजी नंतर भांडण्याचा मार्ग निवडला.

हा मार्ग निवडण्यामागे हिशेब होता. फ्रान्समध्ये डॉट एफआर नाव हवं असेल तर त्या नावावर आपला हक्क असल्याचा दाखला, उदाहरणार्थ व्यापार-नोंदणीचा उतारा, दाखवावा लागे. मे 2004 मध्ये तो नियम काढून टाकला गेला. आपल्याकडे डॉट इनचा कारभार 1989 पासून मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होता आणि नियम कडक होते. 1992 ते 2004 या बारा वर्षांत जेमतेम 7,000 नावं नोंदली गेली. 2005 च्या सुरुवातीला दार मोकळं केलं आणि 2010 पर्यंत आकडा सहा लाखांवर गेला. कागदपत्रं तपासण्याच्या काळात फसवे लोक थांबले असतील, नाही असं नाही. पण त्यांच्याबरोबर प्रामाणिक लोकही थांबले आणि ते सरळ डॉट कॉमकडे गेले. तिथे कुणी काही विचारत नव्हतं.

मग बँकेच्या नावाने बनावट पान उघडणाऱ्याचं काय? हे काम जाळ्याने प्रमाणपत्रांवर सोपवलं, आणि नोंदणीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी सर्वांत जपून वाचावा असा धडा इथेच आहे. जानेवारी 2001 मध्ये व्हेरिसाइनने 'मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन' या नावाने दोन प्रमाणपत्रं एका तोतयाला देऊन टाकली. पुढे 2007 मध्ये कडक पडताळणीची प्रमाणपत्रं आली. संस्था कायद्याने अस्तित्वात आहे का, तिची नोंदणी कुठल्या दप्तरी आहे, हे कागदोपत्री तपासायचं आणि मग ब्राउझरच्या पट्टीत हिरव्या अक्षरांत तिचं नाव झळकवायचं. कंपन्यांनी यासाठी वर्षाला बरेच पैसे मोजले.

2017 च्या डिसेंबरमध्ये इयान कॅरल या सुरक्षा-संशोधकाने अमेरिकेतल्या केंटकी राज्यात 'स्ट्राइप इन्कॉर्पोरेटेड' नावाची कंपनी रीतसर नोंदवली. पैशांच्या व्यवहारांची प्रसिद्ध स्ट्राइप कंपनी डेलावेअर राज्यात नोंदलेली आहे. राज्य वेगळं, त्यामुळे नाव मिळायला अडचण नव्हती. मग त्याने त्या नावाचं कडक पडताळणीचं प्रमाणपत्र घेतलं. कंपनी काढायला सुमारे 100 डॉलर, प्रमाणपत्राला 77. तेव्हाचा सफारी ब्राउझर अशा पानांसाठी पत्ता दाखवतच नसे, फक्त संस्थेचं नाव दाखवी. म्हणजे ग्राहकाला खरी स्ट्राइप आणि केंटकीची स्ट्राइप यांत काडीचाही फरक दिसला नसता. पुढे ते प्रमाणपत्र रद्द केलं गेलं, पण त्यात खोटं काहीच नव्हतं. नोंदणी खरी होती, पडताळणी खरी होती. 2019 च्या शरद ऋतूत क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ती हिरवी नावं पट्टीतून काढून टाकली.

डिरेक्टरी फोरमने 1991 मध्ये दिलेला इशारा इथे खरा ठरला. हक्क राज्यापुरता असतो, म्हणून नाव राज्यासह दाखवा, असं ते सांगत होते. ब्राउझरने राज्य वगळलं आणि उरलेल्या अर्ध्या नावाला जगभराची मान्यता असल्याचा भास निर्माण केला.

आपल्या फोनवर येणाऱ्या संदेशांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि अनिवार्य नोंदणीचा एवढा मोठा प्रयोग फार थोड्या ठिकाणी झाला असेल. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या 2018 च्या नियमांप्रमाणे धंद्यासाठी एसएमएस पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी नावाच्या नोंदणी-यंत्रणेत नोंद करावी लागते. पॅन, नोंदणीचे दाखले, मग संस्थेचं आखूड नाव म्हणजे हेडर, आणि त्याहीपुढे संदेशाचा ठरावीक मसुदा. संदेशाच्या वर दिसणाऱ्या नावातली पहिली दोन अक्षरं मोबाइल कंपनी आणि परिमंडळ सांगतात, त्यापुढे हेडर, आणि 2025 पासून शेवटी आणखी एक अक्षर: जाहिरातीला पी, सरकारी संदेशाला जी वगैरे.

8 मार्च 2021 रोजी या नोंदींशी न जुळणारे संदेश अडवायला सुरुवात झाली. त्या दिवशी देशभर ओटीपी येईनात. बँका, आधार, लसीकरणाचं कोविन, सगळीकडे लोक फोनकडे बघत बसले. संदेश खरे होते, पाठवणारेही खरे होते, फक्त त्यांचे मसुदे वेळेत नोंदलेले नव्हते. ट्रायला सात दिवसांची सवलत द्यावी लागली. नोंदणीची किंमत अशा दिवशी कळते. त्याच वेळी हेही मान्य करायला हवं की नोंदलेल्या हेडरची नक्कल करणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. पण फसवणारे तिथे थांबलेही नाहीत. ते साध्या मोबाइल क्रमांकावर गेले, व्हॉट्सॲपवर गेले. एका गल्लीला फाटक बसवलं की वर्दळ शेजारच्या गल्लीत वाढते, आणि म्हणूनच अशा नोंदणीचं यश फक्त त्या गल्लीत मोजून चालत नाही.

आता बँकांसाठी राखीव असलेलं बँक डॉट इन हे डोमेन. फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने ते जाहीर केलं, एप्रिलमध्ये परिपत्रक काढलं आणि 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत बँकांना आपली संकेतस्थळं तिथे न्यायला सांगितलं. ही नावं फक्त हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेली संस्था देते, आणि फक्त बँकांना देते. माझ्या मते या सगळ्या इतिहासात अधिकृत नोंदणी खरोखर कामाची ठरावी असा हा दुर्मीळ प्रसंग आहे, आणि त्याचं कारण तंत्रज्ञानात नाही. रिझर्व्ह बँक आपल्या बँकांना आधीपासून ओळखते, परवाना देते, काढून घेते, तपासणीला माणसं पाठवते. 'बँक' हा शब्द कुणी नावात वापरायचा यावरही तिचं नियंत्रण आहे. बँकिंग नियमन कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर पतसंस्थांना तो शब्द वापरता येत नाही, आणि तरीही काही सहकारी संस्था तो वापरतात म्हणून 2021 च्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने लोकांना सावध केलं होतं. बँक डॉट इनने नवा हक्क निर्माण केला नाही, असलेला परवाना जाळ्यावर दिसेल अशी सोय केली. फोरमची 1991 ची मांडणीच ही, अमेरिकेत न रुजलेली, भारतात चौतीस वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी अमलात आणलेली.

हाच नमुना सरसकट सगळ्या संस्थांना लावावा असं म्हणणारे आता भेटू लागले आहेत. शाळांना वेगळं, दवाखान्यांना वेगळं, वृत्तसंस्थांना वेगळं. विद्यापीठांसाठी असं आवार आधीपासून आहे, आणि सरकारी खात्यांसाठीही. तिथे ते चालतं, कारण मान्यता देणारा एकच असतो आणि तो रोजचा संबंध ठेवून असतो. पण वृत्तपत्राच्या शीर्षकाची मंजुरी दिल्लीहून आणताना छोट्या नियतकालिकांचे संपादक किती थकतात ते मराठी मासिकांच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. ती पद्धत संकेतस्थळांवर आणली तर फसवे थांबतील की टीकाकार, हे सांगायला ज्योतिषी लागणार नाही. शिवाय जाळ्यावर वावरणाऱ्या कितीतरी संस्था कुठल्याच वहीत नाहीत. गल्लीतलं मित्रमंडळ, हौशी नाट्यगट, एखाद्या धरणाविरुद्ध उभी राहिलेली समिती, परदेशातल्या मराठी मंडळाचा नुकताच जमलेला गट. यांना नाव हवं असतं, निबंधक नको असतो. अनिवार्य नोंदणीत सर्वांत आधी तेच गळतील.

म्हणून आकडे आणि नावं वेगळी ठेवण्याकडे माझा कल आहे. 2008 च्या आर्थिक पडझडीत कुणाचं देणं कुणाकडे हे कळेना, म्हणून जगभर संस्थांना वीस अंकी-अक्षरी एलईआय क्रमांक देण्याची पद्धत आली. भारतात 1 एप्रिल 2021 पासून 50 कोटी रुपये आणि त्यावरच्या आरटीजीएस-एनईएफटी व्यवहारांत तो द्यावा लागतो. त्यावर कुणी भांडत नाही, कारण क्रमांकात अभिमान नसतो, दावा नसतो, पहिला कोण याला महत्त्व नसतं. यंत्रांनी क्रमांक जुळवावेत, क्रमांकावरून मूळ दप्तर उघडता यावं, आणि नाव माणसांसाठी राहावं. ज्या मोजक्या क्षेत्रांत नाव चुकलं तर लोकांचे पैसे किंवा प्राण जातात, तिथे परवाना देणाऱ्यानेच ते जाळ्यावर सांभाळावं. बाकी ठिकाणी पोस्टेल यांची अलिप्तता आणि कोर्टाचं दार एवढ्यावर भागतं.

बँक डॉट इनमध्ये एक काम मात्र अजून अर्धंच आहे. महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँकांची नोंदणी सहकार खात्यात बहुधा मराठीत झालेली असते, पाटी मराठीत, पासबुकावर मराठी, आणि जाळ्यावरचं नाव मात्र रोमन अक्षरांत, तेही अनेकदा आद्याक्षरांचं कडबोळं. देवनागरीसाठी 2014 पासून डॉट भारत आहे, मराठी आणि कोकणीसह त्यात अनेक भाषा चालतात. पण तिथे एखाद्या बँकेचं मराठी नाव दुसऱ्याच कुणी घेतलं, किंवा बँक, बॅंक आणि बैंक अशा तीन लेखनांपैकी एक उचललं, तर रोमन नावाभोवती घातलेलं कुंपण तिथे पोचत नाही. रिझर्व्ह बँकेने परवान्यावरच प्रत्येक बँकेचं देवनागरी नाव लिहावं आणि नोंद त्याला बांधावी. त्यासाठी नवीन कार्यालय लागत नाही, परवान्यावर एक ओळ वाढते.